बरोबरीत सोडवलेला सामना

मैदानावर माझे पाय चालायचे आणि तोंड त्याहून जास्त चालायचं. नगरच्या स्पर्धांमध्ये मी मधल्या फळीत खेळत असे, आणि चेंडू माझ्याकडे नसला की पंचांशी भांडत असे. एकदा मी भर सामन्यात पंचांना विचारलं, "साहेब, डोळे घरी खुंटीला अडकवून आलात का?" त्यांनी शांतपणे पिवळं कार्ड दाखवलं, वहीत माझा नंबर लिहिला आणि म्हणाले, "खुंटीला नाही, कपाटात ठेवलेत. चल, खेळ आता."

ते लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मूळचे राजूरकडचे, आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातले. अंगाने काटक, बोलायला कमी. जिल्ह्यात फुटबॉलचे पंच तयार करायचं, त्यांची परीक्षा घ्यायचं काम तेच बघायचे. त्या दिवसापासून मी त्यांना माझे शत्रू मानत होते. त्यांना याची काही कल्पना नव्हती, असली तरी फरक पडत नव्हता.

मी खर्ड्याची. आमच्याकडे फुटबॉल टीव्हीतच दिसायचा. पाचवीपासून शिकायला नगरच्या वसतिगृहात राहिले, तिथल्या मुरमाड मैदानावर मुलांच्यात घुसून खेळायला लागले, आणि बघता बघता जिल्ह्याच्या, मग राज्याच्या मुलींच्या संघात गेले. तिसऱ्या वर्षी सरावात, कुणी धक्काही न लावता, माझा उजवा गुडघा आतल्या आत फिरला. तुरीची वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाल, पळ, पण कुणाच्या पायात पाय घालून खेळायचं आता विसर.

मी पंचवीस वर्षांची होते. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. त्या दिवसांत सुभेदार मला बघायला आले. आजाऱ्याला लोक फळं आणतात, यांनी डोंगरातला तांदूळ आणला, पाच किलोची पिशवी. पिशवी कोपऱ्यात ठेवून म्हणाले, "गेली चार वर्षं तू मला नियम शिकवतेयस. आता तुझीच परीक्षा घ्यावी म्हणतो. पंचाचा फॉर्म आणलाय."

मला इतका राग आला की मी उठून बसले. "ज्यांना जन्मभर बोल लावले त्यांच्याच पंगतीला बसू?"

"पळायला मिळेल," ते म्हणाले. "तुला दुसरं काय हवंय?"

खरं तर तेच हवं होतं. पण लगेच हो म्हणणं माझ्या स्वभावात नाही. मी विचारलं, हे पंचगिरीचं कुठपर्यंत जातं? त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या खिशावर बोट ठेवलं. म्हणाले, सगळ्यात वर आंतरराष्ट्रीय पंच असतो. त्याच्या इथे एक बिल्ला असतो, त्यावर साल छापलेलं असतं, आणि दर वर्षी तो नव्याने कमवावा लागतो. आपल्याकडे तो कुणाकडे बघितला नाही. माझंही वय निघून गेलं.

"मला तोच पाहिजे," मी म्हणाले.

ते हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. माझ्या आयुष्यातले बहुतेक मोठे निर्णय मी कुणीतरी हसल्यामुळे घेतलेले आहेत.

पुढचे सहा महिने मी खर्ड्यात होते. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक नियम वहीत मराठीतून उतरवला. सकाळी किल्ल्याबाजूच्या मोकळ्या जागेत पळायचे. पंचांच्या परीक्षेत पंच्याहत्तर मीटर पळायचं, पंचवीस मीटर चालायचं, पुन्हा पळायचं, असं चाळीस वेळा करावं लागतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टेपने अंतर मोजून फक्कीच्या रेघा मारून दिल्या. शेताकडे निघालेल्या बाया थांबून विचारायच्या, "काय गं, कुनाच्या मागं लागलीस?" आई तर रोज एकच म्हणायची, "लई पळतीस बाई, पर जातीस कुठं? पुन्हा हितंच येतीस."

आबा एके काळचे पैलवान. आता ज्वारी, तूर, दोन म्हशी. पण जत्रेत कुस्त्यांचा हगामा असला की आखाड्यात पंच म्हणून त्यांना मान असायचा, तोही आमच्या एका गावात नाही, आसपासच्या पाच-सहा गावांत. आबांनी सोडवलेल्या कुस्तीवरून भांडण झालं असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. लहानपणी मी त्यांचा पटका घडी करून देत असे आणि आखाड्याच्या कडेला अगदी पुढे बसत असे.

पहिली परीक्षा पास झाले आणि नगरमध्ये पुरुषांचे स्थानिक सामने घ्यायला लागले. पहिले दोन महिने प्रेक्षक माझ्याकडेच बघायचे. "ताई, शिट्टी कुकरची आहे का?" हे तर प्रत्येक मैदानावर एकदा व्हायचंच. मी ऐकून सोडून द्यायला शिकले. मी! जिने कधी काही सोडलं नाही, ती.

आणि मग तो साखळी सामना आला. शहरातले दोन जुने संघ, एकमेकांचं तोंड न बघणारे. सुभेदार निरीक्षक म्हणून खुर्ची टाकून बसलेले. त्या दिवशीच्या गुणांवर मी पंचांच्या वरच्या वर्गात जाणार की नाही ते ठरणार होतं. चौदाव्या मिनिटाला गोलसमोर चेंडू बचावपटूच्या हाताला लागला म्हणून मी पेनल्टी दिली. शिट्टी वाजवली आणि त्याच क्षणी मला कळलं, हात नव्हता, खांदा होता. पण शिट्टी वाजली होती, आणि शेजारच्या सहायक पंचाला विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. गोल झाला.

त्यानंतरची चाळीस मिनिटं मी सामना घेतच नव्हते. मी संधी शोधत होते. दुसऱ्या अर्ध्यात पलीकडच्या गोलसमोर एक जण जरासा अडखळला आणि मी धावत जाऊन पेनल्टीच्या खुणेकडे हात केला. एक-एक. दोन्ही संघांना एकेक गुण मिळाला, कुणाची बाचाबाची झाली नाही, दोन्ही कर्णधारांनी हात मिळवले. आयोजकांनी मला शाल आणि नारळ दिला आणि माईकवरून सांगितलं की ताईंनी सामना फार छान सांभाळला. मी खूश होते. एवढा अवघड सामना मी निभावून नेला होता.

सुभेदार मला मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेले.

"पहिली पेनल्टी?"

"चुकली."

"कधी कळलं?"

"लगेच."

"दुसरी?"

मी टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला.

"पहिली चूक झाली," ते म्हणाले. "दुसरी तू केलीस."

त्यांनी मला नापास केलं. एक वर्ष वरचा वर्ग नाही. मी टपरीवरच भांडायला उभी राहिले. तक्रार आहे का कुणाची? दोन्ही संघ खूश आहेत, तुम्हीच एकटे नाखूश!

"खूशच असणार," ते म्हणाले. "दोघांनाही फुकटचं मिळालं." आणि कप ठेवून निघून गेले.

मी रागारागाने गावी आले. जत्रेचे दिवस होते. आबा पटका बांधून आखाड्यात उभे होते, हलगी कडकडत होती. शेवटची मोठी कुस्ती आमच्या गावच्या पैलवानाची आणि पलीकडच्या तालुक्यातल्या एका सडपातळ मुलाची होती. त्या मुलाने कब्जा घेतला. आमचा पैलवान पोटावर पडलेला, आणि तो मुलगा त्याला हळूहळू उलटा करत आणत होता. एक खांदा मातीला टेकला. दुसरा टेकायला वीतभर अंतर राहिलं. गर्दी उठून आत सरकायला लागली. आबा पुढे झाले, दोघांच्या पाठीवर थाप मारली, दोघांना उभं केलं आणि दोघांचे हात वर धरले. कुस्ती बरोबरीत सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, इनाम निम्मं-निम्मं झालं. तो मुलगा स्वतःच्या तळहातांना लागलेल्या मातीकडे बघत थोडा वेळ उभा राहिला, आणि मग आबांच्या पाया पडला.

असल्या शंभर कुस्त्या मी लहानपणापासून बघितल्या होत्या. त्या मुलाकडे मात्र पहिल्यांदाच बघितलं.

घरी आल्यावर आबा हातपाय धुऊन बसले. मी सरळ म्हणाले, "आबा, ते पोरगं जिंकलं होतं."

"व्हय."

"मग?"

"मग काय? आपली जत्रा, आपली मानसं. आपलं पोरगं चितपट झालं असतं तर समदी आखाड्यात उतरली असती. त्या पोराला एकट्याला परत जायचं हुतं. साप बी मरावा आन् काठी बी मोडू नये, असं बघावं लागतंय."

"आणि त्याचं काय, आबा? त्याची कुस्ती गेली ना?"

आईने ताट आणून ठेवलं, ते आबांनी बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "त्याच्या वाट्याचं म्या काढून घेतलं आन् वाटून टाकलं. ठावं हाय मला. दर साली एक तरी असं पोरगं असतंय." ताट पुढे ओढून म्हणाले, "म्या जत्रा राखतो. तुला काय राखायचंय ते तुझं तू बघ."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी त्या मुलाला सुखरूप घरी पाठवलं होतं, हे मला पटत होतं. पण माझ्या शिट्टीत नियमांच्या पुस्तकाआधी हा आखाडा शिरला होता, हेही त्या रात्री मला स्वच्छ कळलं. नगरच्या मैदानावर कुणाचं डोकं फुटणार नव्हतं. मी राखली होती ती माझी स्वतःची अब्रू. परतल्यावर सुभेदारांना फोन केला आणि म्हणाले, वर्षभर जे सामने कुणी घेत नाही ते मला द्या. त्यांनी दिले. शाळेतल्या बारक्या पोरांचे, भर उन्हातले, चार प्रेक्षकांचे. त्यांत मी एकच गोष्ट शिकत होते: चुकले की चूक मागे टाकून पुढचा चेंडू नव्या डोळ्यांनी बघायचा. ऐकायला सोपं आहे. मला वर्ष लागलं.

पुढची सहा वर्षं थोडक्यात सांगते, कारण त्यांत सांगण्यासारखं कमी आणि पळण्यासारखंच जास्त आहे. जिल्हा, राज्य, मग देशपातळी. इंग्रजी तोंडी परीक्षेत पहिल्या वेळी माझी बोबडी वळली, दुसऱ्या वेळी मी वही पाठ करून गेले. एका धावण्याच्या परीक्षेत छत्तिसाव्या फेरीला वेळेत रेघ गाठता आली नाही आणि घरी पाठवलं. गुडघा थंडीत कुरकुरायचा. नातेवाईक लग्नाचं विचारायचे, मी तारखा दाखवायचे, या महिन्यात परीक्षा आहे, पुढच्या महिन्यात शिबिर आहे. शेवटी त्यांनीच नाद सोडला.

आणि मी आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीच्या तोंडाशी आले. देशातल्या महिलांच्या मोठ्या लीगचे सामने मला मिळायला लागले. तिथल्या निरीक्षकांनी नाव पुढे पाठवलं की आंतरराष्ट्रीय बिल्ला. त्या हंगामातला माझा शेवटचा सामना दूरच्या एका राज्यात होता. दोन्हींपैकी एका संघाला लीगमध्ये टिकायला एक गुण पुरेसा होता. हरले तर बाहेर. त्यांची गोलकीपर हीच कर्णधार होती, ठेंगणी, तिशीकडे झुकलेली, सतत सगळ्यांना ओरडून जागेवर ठेवणारी. मला ती बघताक्षणी आवडली, आणि म्हणून मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

विसाव्या मिनिटाला एक लांब चेंडू पडला. समोरच्या संघाची पुढची खेळाडू सुसाट सुटली, गोलकीपर बाहेर आली, दोघी आदळल्या आणि पुढची पडली. मी दहा-बारा पावलं मागे होते आणि मध्ये एका खेळाडूची पाठ होती. मी पेनल्टी दिली. तिच्या संघातल्या सगळ्या माझ्यावर धावून आल्या, ती मात्र आली नाही. तिने फक्त हातमोज्यांकडे बघितलं. मी आयुष्यभर पंचांशी भांडलेली बाई आहे. खोटं भांडण कसं दिसतं आणि खरं दुखणं कसं दिसतं, हे मला कुणी शिकवायला नको. चेंडू तिच्या हातात आधी आला होता. सहायक पंचाला कानातल्या यंत्रावर विचारलं, त्यालाही दिसलं नव्हतं, आणि नुसत्या चेहऱ्यावरून निर्णय फिरवता येत नाही. गोल झाला.

मध्यंतरात मी तोंडावर पाणी मारलं आणि स्वतःला सांगितलं, ते झालं, ते आता तुझं नाही.

पंच्याऐंशीव्या मिनिटाला तिच्या संघाची खेळाडू समोरच्या गोलपाशी पोचली. बचाव करणारी खांद्याला खांदा लावून आली आणि ही पडली. सगळं मैदान ओरडलं. या वेळी मी सहा पावलांवर होते, मध्ये कुणी नव्हतं. शिट्टी तोंडात होती. मी ती पेनल्टी दिली असती तर कुणी मला चूक म्हटलं नसतं. तसल्या निम्म्या पेनल्ट्या पंच देतातच. ती दिली असती तर एक-एक, तो संघ वाचला असता, तक्रार झाली नसती, निरीक्षकांच्या कागदावर "सामना उत्तम हाताळला" असं लिहिलं गेलं असतं, आणि बिल्ला माझा. न द्यावी तर मागची चूक उघडी पडून राहणार होती, व्हिडिओसकट.

खांद्याला खांदा होता. नियमात बसणारा. मी दोन्ही हात पुढे करून खेळ चालू ठेवा म्हणून खूण केली आणि पळत राहिले. सामना एक-शून्य संपला.

ती गोलकीपर सगळ्यांत शेवटी माझ्याकडे आली. हातमोजे काढलेले, चेहरा धुळीने भरलेला. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, वो गलत था ना?"

पंचाने अशा वेळी काही बोलू नये असं शिकवतात. मी म्हणाले, "हाँ. गलती मेरी थी."

"फिर बाद वाली क्यों नहीं दी?"

"वो थी ही नहीं."

तिने मान हलवली. तिला ते समजलं होतं, हेच मला सहन होईना. म्हणाली, आता संघ बंद होईल, मालक म्हणालाच होता. मग हात मिळवून गेली. मी ड्रेसिंग रूममध्ये टॉवेलात तोंड खुपसून बसले. त्यानंतर सामन्याचा अहवाल लिहिला, आणि त्यात, कुणी विचारलं नसताना, लिहिलं की पहिली पेनल्टी चुकीची होती.

त्या वर्षी यादीत माझं नाव आलं नाही. सुभेदारांनी सामना मोबाईलवर बघितला होता. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, "दहा पावलं मागे होतीस. लांब चेंडू पडताना गुडघ्याला जपतेस. जपायचं असेल तर घरी बस."

मी घरी बसले नाही. खर्ड्यात महिनाभर फक्त सुरुवातीची दहा पावलं पळाले. उभ्या जागेवरून दहा, वळून दहा, मागे सरकता सरकता दहा. गुडघा सुजायचा, बर्फ लावायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुढच्या हंगामात माझ्यावर कुठे कुठे चुका निघाल्या, पण मी मागे राहिले असं कुणी लिहू शकलं नाही. हंगाम संपला आणि यादी आली. त्यात नाव होतं.

त्या सबंध हंगामात मी प्रत्येक संघाच्या कागदावर त्या गोलकीपरचं नाव शोधत होते. ते कुठेही नव्हतं.

बिल्ला आला तेव्हा मी गावी होते. तो खिशावर नीट बसावा म्हणून शिवून घ्यायचा होता. आईने शर्ट मांडीवर घेतला, चष्मा लावला, सुई ओवली. दोन-चार टाके घातल्यावर तिने मान वर केली.

"ह्यो लावल्यावर मग चुका व्हत न्हाईत का?"

"होतात की."

"मग निस्तरतीस कशा?"

"निस्तरता येत नाहीत, आई. जिच्यावर झाली तिच्यावर ती राहतेच."

बोलता बोलता मी रडायला लागले. आईला वाटलं, आनंदाने रडते. आनंद होताच, खोटं कशाला सांगू. पण डोळ्यांसमोर ते काढलेले हातमोजे होते. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तसाच खेळ चालू ठेवीन, आणि कुणाची तरी लेक पुन्हा माझ्यामुळे घरी जाईल.

आई शिवत राहिली. शेवटचा टाका घालून तिने दोरा दाताने तोडला, शर्ट झटकला आणि माझ्या हातात दिला. "घाल," ती म्हणाली, "बसतोय का बघू."